तेलातले तांबे

मित्रांनो, नावेत बसल्यावर तुम्ही पाणी बघता, पलीकडचा काठ बघता. पायाखालच्या फळ्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्या फळ्यांखाली मी राहते. मी एक जुने डिझेल इंजिन आहे.

वितळलेल्या लोखंडातून माझा जन्म झाला. मला ओतले, कापले, घासले आणि या नावेत आणून बसवले. नदी इथे रुंद आहे आणि पूल फार लांब. शाळेतली मुले, दवाखान्यातल्या नर्स, दूधवाले, सगळ्यांना मी पलीकडे नेले. तेव्हा आप्पा नाव चालवत. काठाला लागलो की ते खाली येऊन माझ्या झाकणावर थाप मारत आणि म्हणत, "शाबास गड्या!" ते ऐकून माझा शीण उतरे.

आप्पांचे गुडघे थकले, तेव्हा सुकाणू त्यांच्या धाकट्या मुलाकडे गेले आणि मी थोरल्या मुलीकडे. तिला सगळे ताईच म्हणत. ताई अधूनमधून माझे गरम तेल छोट्या बाटलीत काढून तपासायला पाठवी. तेल माझ्या अंगभर फिरते. जिथे काही झिजते तिथले बारीक कण ते सोबत आणते. म्हणून पोटातले दुखणे तेलाला विचारावे, असे ती म्हणे.

एकदा रिपोर्ट आला आणि त्यात तांब्याच्या आकड्यावर लाल खूण होती. धाकटा तो घेऊनच खाली उतरला.

"ताई, तांबं एवढं कसं वाढलं?"

"बेअरिंगमध्ये तांबं असतं," ती हळूच म्हणाली. माझा मुख्य दांडा त्यावरच फिरतो.

"म्हणजे बेअरिंग गेलं!"

"गेलं असेल."

"भर प्रवाहात हे बंद पडलं तर नाव थेट खालच्या खडकांवर जाईल. आत माणसं असतात, ताई. मी नाही चालवणार."

त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. भीती त्याला स्वतःची नव्हती. नाव काठाला बांधली गेली, माझ्यावर ताडपत्री पडली. माणसे कुरकुरत पुलाकडे चालू लागली. मग भंगारवाला आला. त्याने मला हातोडीने ठोकून पाहिले आणि धाकट्याला म्हणाला, "उद्या माणसं घेऊन येतो." आयुष्यात पहिल्यांदा मला मी म्हणजे नुसते वजन आहे असे वाटले.

ताईला मात्र चैन पडेना. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि तिने प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे बोलत होत्या.

"शिसं आणि कथील किती आलंय?"

"आधीइतकंच आहे."

"बेअरिंग झिजलं असतं तर तांब्याबरोबर बहुतेक तेही वाढलं असतं. इतक्यात काही बदललंत का?"

ताईने माझे तेल थंड करणाऱ्या चकचकीत डब्याकडे पाहिले. "ऑइल कूलर. नवाच बसवलाय."

"मग तेच असावं. नव्या कूलरच्या तांब्याच्या नळ्या सुरुवातीला तेलात तांबं सोडतात, मागाहून ते कमी होतं. पण मला काळजी वेगळीच वाटतेय. मागचे रिपोर्ट काढा आणि लोह नि सिलिकॉन बघा."

ताईने कागद शेजारी शेजारी मांडले. दोन्ही आकडे दर वेळी थोडे थोडे वर सरकले होते. ते मर्यादेच्या आत होते, म्हणून त्यांच्यावर खूण नव्हती. खूण नव्हती, म्हणून कोणी पाहिलेच नव्हते.

"सिलिकॉन म्हणजे बहुधा धूळ," बाई म्हणाल्या. "ती हवेबरोबर आत जात असणार आणि लोखंड घासत असणार. पण इथून मी अंदाजच सांगू शकते. उघडून बघायला तुम्हालाच लागेल."

ताईने हवेचा फिल्टर काढला. तो स्वच्छ होता. मग ती फिल्टरपासून माझ्यापर्यंत येणाऱ्या रबरी नळीवरून बोटे फिरवू लागली. खालच्या बाजूला, जिथे नजर पोचत नाही, तिथे बोट चिरेत शिरले.

"अरे, इकडे ये. बोट घालून बघ."

धाकट्याचे बोट राखाडी होऊन बाहेर आले. शेजारच्या धक्क्यावर खडी चढवतात, तिची पूड होती ती.

"आणि आपण बेअरिंगच्या नावानं रडत बसलो!"

"बेअरिंगही बघू," ताई म्हणाली. "अंदाजावर माणसं न्यायची नाहीत."

दोघांनी मला खालून उघडले. बेअरिंग ठीक होते. भंगारवाला आला तेव्हा धाकटा स्वतः काठावर गेला आणि म्हणाला, "काका, उगाच खेप पडली तुम्हाला. हे जायचं नाही."

नवी नळी आली, नवे तेल आले, नाव सुटली. पुढच्या रिपोर्टात लोह आणि सिलिकॉन उतरले. तांब्यावर लाल खूण अजून होती, पण आकडा खाली आला होता. ताई तो बघून चक्क हसली.

मात्र जे झिजले ते भरून आले नाही. मी आता जरा जास्त धूर सोडते, थंडीत चालू व्हायला कुरकुरते. ते आकडे पहिल्यांदा हलले तेव्हाच कोणी पाहिले असते, तर माझी उमेद आणखी टिकली असती.

मित्रांनो, एका आकड्यावरून मला मोडीत काढू नका. लाल खूण नाही म्हणून मला धडधाकटही समजू नका. मागचे आणि शेजारचे आकडे बघा, काय बदलले ते आठवा आणि मग हात काळे करून खात्री करा. आम्हा यंत्रांना एवढीच माया पुरते.

वर पावले वाजू लागली आहेत. "ताई, सोडू का नाव?" धाकटा विचारतो आहे. ती माझ्याजवळ वाकून क्षणभर ऐकते.

"सोड," ती म्हणते.