मास्तरांच्या नावाची हाक

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. विजेवर चालणारा नव्हे, साधा पत्र्याचा. अरुंद बाजूला माणसाने तोंड लावायचे आणि रुंद बाजूने मी साऱ्यांच्या कानठळ्या बसवायच्या, एवढेच माझे शिक्षण. सध्या माझा मुक्काम एका केशकर्तनालयात, आरशावरच्या फळीवर आहे. केस कापायला आलेली मुले मान वर करून माझ्याकडे बघतात आणि "मान खाली!" अशी बोलणी खातात. हे काय आहे, असे त्यांनी विचारले की न्हावीदादा कात्री जरा जोरात वाजवतो आणि उत्तर टाळतो. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म चुकून झाला. पत्रेकाका बादल्या, डबे आणि नसराळी बनवत असत. एका तेलवाल्याने मोठे नसराळे मागवले आणि काकांचे माप चुकले. मी पिंपाच्या तोंडात बसेना. तेलवाल्याने नाक मुरडले आणि तो निघून गेला. काकू म्हणाल्या, "आता हे डोक्यावर घालून हिंडा!" काकांनी मला डोक्यावर नाही घातले, तोंडाला लावले आणि घरातूनच काकूंच्या नावाने अशी हाक मारली की शेजारची सगळी बिऱ्हाडे गॅलरीत आली. त्याच दिवशी मला एक मूठ बसवली गेली आणि पुढच्या सामन्याला मी काकांबरोबर फुटबॉलच्या मैदानावर गेलो.

त्या दिवशी आमच्या संघात नवा गोलकीपर होता. मैदानाबाहेर तो चष्मा लावायचा, म्हणून लोक पहिल्यापासूनच त्याला मास्तर म्हणत. सामना सुरू होतो न होतो तोच त्याच्या हातून चेंडू ओल्या साबणासारखा निसटला आणि जाळ्यात गेला. "हात घरी विसरून आलास का रे?" असे ओरडून लोक हसू लागले. पोराचे तोंड एवढेसे झाले. तेव्हा पत्रेकाकांनी मला उचलले आणि पोटातून हाक मारली, "मास्तर!"

तो दचकून वळला आणि त्याने हात वर केला, अगदी वर्गात हजेरी देताना करतात तसा. लोक पुन्हा हसले, पण हे हसू निराळे होते. मागच्या पायरीवरून कोणीतरी ओरडले, "आमचे!" मग सगळेच ओरडले. पुढे तो रिवाजच पडला. मी म्हणायचे "मास्तर!", त्यांनी हात वर करायचा आणि लोकांनी म्हणायचे "आमचे!" इतर खेळाडूंनाही अशा हाका मिळाल्या, पण त्यांना आठवणीने हात वर करावा लागे. मास्तरांचा हात आपोआप जायचा. पाठ फिरलेली असो, चेंडू अंगावर येत असो, माझा आवाज कानावर पडला की हात वर.

माझे ते दिवस फार सुखाचे होते. संघ करंडक जिंकला तेव्हा मला लोकांनी हवेत उडवले. झेलायचे मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाही. माझ्या काठावरचा पोचा तेव्हाचा आहे, आणि मला त्याचा रागही नाही. राग आहे तो मिशांचा. गोल झाला की ज्याला त्याला मी हवा असायचो, आणि मिशीवाली माणसे आत काय काय ठेवून जातात ते तुम्हाला न सांगितलेले बरे. पत्रेकाका मात्र प्रत्येक सामन्यानंतर मला आतून कोरड्या फडक्याने पुसत.

संघाच्या पाठीराख्यांच्या बैठकांमध्येही मी असे. ज्याच्या हातात भोंगा त्याचेच तोंड उघडे, बाकीच्यांनी ऐकायचे, हा काकांचा नियम. दुसरा नियम याहून कडक होता. बैठकीत जे ठरेल तेच भोंग्यातून निघेल, मग धरणाऱ्याला पटो न पटो. नाहीतर दोन पायऱ्यांवर दोन घोषणा होतील आणि खेळाडूंना वाटेल आपले कोणीच नाही, असे काका म्हणत.

वर्षे गेली. मास्तर खेळायचे थांबले, कुठे कुठे शिकून आले आणि आमच्याच संघाचे प्रशिक्षक झाले. पत्रेकाका तोवर गेले होते. त्यांची मुलगी शहरातली बस चालवायची. तिचा आवाज वडिलांवर गेला होता, म्हणून मी ताईकडे आलो. ताई लहानपणी काकांच्या खांद्यावर बसून "आमचे!" म्हणायची. आता ती हाक द्यायला लागली.

पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी संघाला कोणाची दृष्ट लागली कोण जाणे. दोन खेळाडूंचे गुडघे गेले, एकाला मोठ्या संघाने नेले आणि उरलेले एकमेकांकडे बघत उभे राहू लागले. आम्ही तळाला पोहोचलो. खालच्या श्रेणीत घसरलो तर मैदानाचा मालक तिथे गोदाम बांधणार, अशी बातमी आली. मग बैठक बोलावली गेली. पत्रेकाकांच्या बंद कारखान्यात, पत्र्याच्या तुकड्यांमध्ये, जिथे माझा जन्म झाला तिथेच.

न्हावीदादाने मला आधी उचलले. "मास्तर देवमाणूस आहे, मान्य. पण देवमाणसाने गोल होत नाहीत हो! सात सामन्यांत एक गोल, तोही समोरच्या संघाच्याच माणसाने चुकून स्वतःच्या जाळ्यात मारलेला. गिऱ्हाईक आरशात बघून मला विचारतं, तुमचा संघ अजून आहे का? वस्तरा हातात असताना मी काय उत्तर देऊ?"

लोक हसले. मग औषधांच्या दुकानाचे मालक उठले. त्यांनाही सगळे काकाच म्हणत. "दोन गोळ्या घेतल्या, गुण नाही आला, की लगेच डॉक्टर बदलायचा? गुडघे खेळाडूंचे गेलेत, मास्तरांचं डोकं नाही गेलेलं. थोडा दम धरा."

"दम धरून धरून जीव जायची वेळ आली, काका!" न्हावीदादा भोंग्याशिवायच ओरडला. "मैदान गेल्यावर काय गोदामात बसून टाळ्या वाजवायच्या?"

"नवा येऊन तरी काय जादू करणार आहे?"

"नसेल करत. पण काहीतरी केलं असं तरी वाटेल ना!"

दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांचे बोलणे मी सारख्याच जोराने ऐकवले. ताईने मला हातात घेतले तेव्हा तिचा श्वास गरम होता. ती एवढेच म्हणाली, "बाबांनी पहिली हाक मास्तरांना मारली, ती ते हरत असताना. जिंकत असताना नाही." पण हात वर करायची वेळ आली तेव्हा बहुतेकांचे हात न्हावीदादाच्या बाजूने गेले. ठरले की पुढच्या सामन्याला हाक तीच द्यायची, "मास्तर!", आणि लोकांनी म्हणायचे, "घरी जा!"

ताईने मला न्हावीदादापुढे धरले. "दादा, तुमचं म्हणणं आहे ना? मग तुम्हीच मारा हाक."

न्हावीदादाने हात मागे घेतले. "मी? छे, छे. दर महिन्याला माझ्या खुर्चीत मान देऊन बसतात गं ते. मला नाही जमायचं."

तिने मला पुढच्याकडे नेले, त्याच्या पुढच्याकडे नेले. एकाचा घसा बसला होता, एकाला सामन्याला यायला उशीर होणार होता. मास्तरांनी जावे असे बहुतेकांना वाटत होते, पण त्यांना हाक मारायला एकही तयार नव्हता. "बरं," ताई म्हणाली, "मग मीच. बाबांचा नियम आहे."

सामन्याच्या दिवशी ऊन स्वच्छ होते. मास्तर रेषेजवळ आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि बचाव करणाऱ्यांना हाताने मागे सरका, मागे सरका असे सांगत होते. ताईने मला तोंडाला लावले. मला वाटले, माझी मूठ निखळावी. मला वाटले, माझा जोड उसवावा आणि नुसती फुस्स हवा निघावी. पण पत्रेकाकांनी जोडाला दिलेला डाग पक्का होता. ताईचा श्वास आला आणि मी तो मोठा केला, कारण मला दुसरे काही येतच नाही.

"मास्तर!"

त्यांचा हात वर गेला. वळायच्याही आधी, आपोआप. मग ते वळले, आणि मित्रांनो, ते हसत होते. इतके सामने हरूनही आपल्याला कोणीतरी हाक मारली म्हणून ते हसत होते. तेवढ्यात मागून लोक गरजले, "घरी जा!"

हात तसाच वर राहिला. खाली कसा घ्यायचा हेच जणू त्यांना आठवेना. माझ्या शेजारी न्हावीदादाचे तोंड उघडे होते, पण त्यातून शब्द फुटला नव्हता. ताईने मला खाली घेतले, तरी लोक थांबेनात. आता त्यांना माझी गरज उरली नव्हती. मास्तरांनी हळूहळू हात खाली आणला, खिशात घातला आणि पुन्हा मैदानाकडे वळले. "मागे सरका रे," त्यांचा आवाज आला, पण बारीक.

सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी राजीनामा दिला. नवे प्रशिक्षक आले, भरपूर बोलले, आणि संघ घसरायचा तो घसरलाच. गोदामाचे अजून काही नक्की नाही. ताई मैदानावर येईनाशी झाली. एके दिवशी बस दुकानासमोर थांबवून तिने मला न्हावीदादाच्या हातात दिले आणि म्हणाली, "तुम्हीच ठेवा." तो काही बोलेपर्यंत बस निघून गेली होती.

मास्तर अजून महिन्यातून एकदा येतात. खुर्चीत बसतात, चष्मा काढून मांडीवर ठेवतात आणि मान खाली घालतात. न्हावीदादा त्यांच्या मानेकडे बघत राहतो. त्याला काहीतरी बोलायचे असते, ते मला इथून स्पष्ट दिसते. प्रत्येक वेळी तो फक्त एवढेच विचारतो, "मागून किती बारीक करू?"

"नेहमीसारखे," मास्तर म्हणतात.

गेल्या खेपेला त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि आरशाच्या वर पाहिले. माझ्यावर धुळीचा थर होता. "अधूनमधून पुसत जा हो त्याला," ते म्हणाले. "चांगला पत्रा आहे, गंजेल." ते गेल्यावर न्हावीदादाने मला उतरवले आणि आतून बाहेरून पुसले. बराच वेळ पुसत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू कोरड्या ठेवा, एवढे तर मी मागणारच. पण आणखी एक मागतो. कधी दहा जण मिळून एखाद्याला नको ते ऐकवायला निघाले आणि पहिली हाक तुम्ही मारा म्हणाले, तर मला आठवा. मी भोंगा आहे. कोणी फुंकले की मला गप्प बसता येत नाही. तुम्हाला येते.