खडकाची फट

जलवाहिनीच्या कामामुळे आमच्या गल्लीचं पाणी त्या दिवशी बंद होतं, म्हणून नाश्त्याचं दुकानही बंद. अठ्ठावीस वर्षांत, नववर्षाचे दिवस सोडले तर, ही पहिलीच सुट्टी.

"चल लि-छ्यू, तुला जंगलात फिरवून आणतो," माझा नवरा ग्वो-श्योंग म्हणाला.

आमच्या फिंगतुंग शहरापासून दोन तासांवर, बेटाच्या दक्षिण टोकाला हे वनउद्यान आहे. हवा इतकी दमट, की चालायला लागण्याआधीच सदरे अंगाला चिकटले. पायवाटेवर सावली होती, वर माकडं होती, घाई कुणालाच नव्हती. ग्वो-श्योंगचं मन मात्र दुकानातच होतं. "शेजारचा गाळा रिकामा होतोय. भिंत पाडू. तू आत सोयाबीनचं दूध बघायचं, मी बाहेर गिऱ्हाईक."

मी महिनाभर मनात घोळवलेलं वाक्य पुन्हा गिळलं.

पुढे प्रवाळखडकातली अरुंद फट लागली. तोंडाशी पाटी होती: जाड व्यक्तींनी वळसा घालून जावे.

"तुझ्यासाठीच लिहिलंय," मी म्हणाले.

"मी जाड कुठे? माझी हाडंच रुंद!" म्हणत तो आत शिरलाही. मी मागोमाग. दहाएक पावलांवर तो थांबला. पुढे सरकेना, मागे येईना. मी त्याचा दंड धरून ओढलं, तर ओरडला.

आमच्या दोघांच्या श्वासांशिवाय तिथे आवाज नव्हता. त्याला मान वळवता येत नव्हती. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. म्हणूनच बहुधा मला बोलता आलं.

"ग्वो-श्योंग, मला दुकान सोडायचंय. पहाटे तीनला उठवत नाही आता. गुडघेही गेलेत."

"अगं बाई, आधी मला सोडव!"

फोनला रेंज नव्हती. "माणसं घेऊन येते," म्हणून मी उलटी सरकत बाहेर पडले.

वनरक्षकांची चौकी पाच मिनिटांवर होती. वाटेत वडाच्या मुळ्यांपाशी एक बाक होता. मी त्यावर बसले. पिशवीतला पेरू काढला, सावकाश खाल्ला. बियासुद्धा चावून खाल्ल्या. मला कुणी हाक मारत नव्हतं. तो तिकडे अडकलाय हे मला पुरतं ठाऊक होतं, तरी मी बसून राहिले.

मग उठले आणि धावतच चौकीवर गेले.

तिथली वनरक्षक बाई खमकी होती. दुसऱ्या बाजूने आत शिरली आणि ओरडली, "काका, श्वास सोडा सगळा! गुडघे वाकवा! अजून!" तिने पुढून ओढलं, मी मागून ढकललं. सदरा फाटला, पाठ सोलवटली, आणि तो बाहेर पडला. पडला तो लहान मुलासारखा रडायलाच लागला.

"एवढा वेळ का लागला गं?"

"रस्ता चुकले."

त्याने माझा हात घट्ट धरला. "तू नसलीस तर माझं काही खरं नाही. आत मला तेच वाटत होतं." थोडं चालल्यावर म्हणाला, "आणि ते दुकानाचं... तू घाबरून बोललीस, हो ना?"

त्याच्या मानेवर रक्त सुकलं होतं. हाताची पकड सैल होत नव्हती. मी एकदा बोटं सोडवून पाहिली, तर त्याने आणखी आवळली.

"हो," मी म्हणाले. "घाबरलेच होते."

"वाटलंच मला," तो म्हणाला, आणि गाडीपर्यंत गाळ्याच्या भिंतीबद्दल बोलत राहिला.