दाभणाचं झाड

भाजलेला चिलगोजा उगवत नाही, एवढी अक्कल सुकामेवा विकणाऱ्या माणसाला असायला हवी होती. मला नव्हती. लोणावळ्याच्या बाजारात माझं गुळाचं, शेंगदाण्याचं आणि सुक्या मेव्याचं दुकान. खतीजा झाली त्या साली मी दुकानातल्या बरणीतून मूठभर चिलगोजे काढले, मागच्या अंगणात पेरले आणि पावसाळाभर त्या मातीकडे बघत बसलो. माझी बायको अकबरी पोरीला मांडीवर घेऊन म्हणाली, "पुढच्या वर्षी फुटाणे पेरा. हरभऱ्याचं पीक येईल."

या खुळाला कारण होतं. बाळंतपणात अकबरी पार खंगली होती. अंगावर दूध नव्हतं, उठून बसायची ताकद नव्हती. दर हिवाळ्यात हिंग आणि मेवा घेऊन एक पठाण आमच्या पेठेत यायचा, त्याला सगळे आगा म्हणायचे. त्याने झोळीतून चिलगोजे काढून दिले. लांबट, तपकिरी, दाताखाली फोडलं की आत पांढरा तेलकट गर. तो गर दुधात वाटून अकबरीला दिला आणि महिन्याभरात तिच्या गालांवर रंग आला. मग मी दुकानाच्या फळीवर बसून चारचौघांत बोलून गेलो, की या पोरीच्या निकाहात खारका वाटणार नाही, माझ्या स्वतःच्या झाडाचे चिलगोजे वाटीन. बाजारात माणूस उधारी विसरतो, पण असलं वाक्य विसरत नाही.

पुढच्या हिवाळ्यात आगाने कच्चं बी आणून दिलं. ते मात्र उगवलं. तीन रोपं आली, पानांऐवजी हिरव्या सुया घेऊन. आणि मग लोणावळ्याचा पाऊस आला. आमच्याकडे पाऊस लागला की भिंतीला कोंब फुटतात, तिथे त्या थंड, कोरड्या डोंगरातल्या रोपांची काय कथा. दोन मुळापासून कुजली. तिसरं कुजायच्या बेतात होतं, तेवढ्यात भिमाजी आला.

भिमाजी वडिवळ्याचा. त्याचे वडील माझ्या वडिलांच्या दुकानात तांदूळ आणायचे, तो माझ्या दुकानात आणायचा. दोघे एका वयाचे, एकमेकांना अरे-तुरे करणारे. त्याने रोपाला हात लावून बघितलं.

"हितं मरतंय त्ये," तो म्हणाला. "माज्याकडं दे. खाचराच्या वरच्या अंगाला मुरमाड उतार हाय, पानी ठरत न्हाई. पर अब्दुला, ह्ये हाय तरी काय? ह्याला पानं न्हाईत, नुसती दाभणं हायेत."

तेव्हापासून त्याच्या घरी ते दाभणाचं झाड झालं. माझी स्वतःची जमीन म्हणजे दुकानाची पायरी. दुसऱ्याच्या जमिनीत झाड लावलं की दर वेळी त्याच्या दारातून आत जावं लागतं, हे मला तेव्हा जड वाटलं नाही. कामशेतला उतरायचं, नदीकाठाने वडिवळे गाठायचं, झुंबरवहिनीच्या हातचा चहा घ्यायचा आणि झाडाखाली उभं राहायचं. वर्षानुवर्षं मी हेच केलं. झाड वाढलं, पण इतकं सावकाश की बघणाऱ्याचा जीव जावा. खतीजा चालायला लागली, शाळेत गेली, चुलीपुढे बसायला लागली, आणि झाड अजून माझ्या खांद्याला. भिमाजी हसायचा. "आमचा ऐन बघ, औंदा छाटला की फुडल्या पावसात डवरतो. तुजं झाड म्हंजे सरकारी काम."

त्याला हसायला काय जातं. बाजारात मला तोंड दाखवायची चोरी झाली होती. कुणी बदाम घ्यायला आला तरी जाता जाता विचारायचा, "काय अब्दुलशेट, मळ्यातले चिलगोजे कधी येणार?" मी हसून वेळ मारून न्यायचो आणि मागे आत जाऊन गुळाच्या ढेपेवर राग काढायचो.

लढाई लागली आणि मेवा यायचा बंद झाला. दोन हिवाळे आगा आलाच नाही. चिलगोज्यांची बरणी रिकामी झाली, ती मी पुसून तशीच फळीवर ठेवली. त्याच वर्षी खतीजाचं पुण्याला ठरलं. मुलाकडच्यांना घाई नव्हती. पुढच्या दिवाळीनंतर, थंडीत निकाह करू, असं दोन्हीकडून पक्कं झालं. आणि त्याच पावसाळ्यानंतर भिमाजीचा निरोप आला, की दाभणाच्या झाडाला बोंडं धरलीत.

मी दुकान अकबरीच्या हवाली करून निघालो ते धावतच. गेल्या काही वर्षांत झाड चांगलं दोन पुरुष उंच झालं होतं, आणि खरंच बोंडं होती. हिरवी, खवल्याखवल्यांची, डिंकाने चिकट. मला भरून आलं. भिमाजीने वर चढून दोन काढून दिली. मी तिथेच दगडावर बसून कोयत्याने एक फोडलं. आत बियांच्या जागी पापुद्रे. दुसरं फोडलं, तेही तसंच. हाताला डिंक लागला तो रॉकेलनेसुद्धा निघेना.

मग तो हिवाळाभर मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. इतक्या वर्षांनी फळ आलं आणि पोकळ आलं. भिमाजी तांदूळ घेऊन आला तेव्हा त्याच्यापुढेही तेच. "वांझोटं निघालं रे," मी म्हणालो. "माझं तोंड काळं करायलाच वाढलं. आता खारका वाटायच्या आणि हसं करून घ्यायचं." भिमाजी त्या दिवशी हसला नाही. चहा अर्धा टाकून, "बगतो मी काय करायचं त्ये," म्हणाला आणि गाडी जुंपून निघून गेला. माझं त्याच्या बोलण्याकडे लक्षही नव्हतं.

शिमग्याच्या सुमारास आगा उगवला. मेवा नव्हता, नुसता हिंग होता, आणि दाढी पांढरी झाली होती. मी त्याच्यापुढे बोंडांचं गाऱ्हाणं मांडलं. तो पोट धरून हसला. त्याच्या मोडक्यातोडक्या बोलीत त्याने मला समजावलं, की हे बोंड एका पावसाळ्याचं नसतं. पहिल्या साली धरतं, तेव्हा आत काहीच नसतं. ते तसंच झाडावर राहू द्यायचं, दुसरा पावसाळा त्याच्यावरून जाऊ द्यायचा, मग थंडीच्या तोंडाशी ते भरतं. म्हणजे येत्या दिवाळीला. म्हणजे बरोबर खतीजाच्या निकाहाच्या आधी.

मी आगाचा हात धरून किती वेळ हलवत होतो कोण जाणे. अकबरी म्हणाली, "बाजारात तुरी. आधी झाडाला विचारून या." पण तीही हसत होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी कामशेतला उतरलो.

नदीकाठाने जाताना दोन्ही बाजूंची झाडं भुंडी दिसत होती. त्यात नवल काही नव्हतं. मावळात भात करायचा म्हणजे रोपाच्या वाफ्यात राब भाजावा लागतो. थंडीत झाडांच्या फांद्या छाटायच्या, वाळवायच्या, शेण-पातेऱ्यासकट वाफ्यावर रचायच्या आणि पावसाच्या आधी पेटवायच्या. त्या राखेत भाताचं बी टाकतात. ऐन, किंजळ असली झाडं दर वर्षी अशी बोडकी होतात आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतात. हे मी जन्मभर बघत आलो होतो. म्हणून त्या भुंड्या झाडांमधून मी शीळ घालत गेलो.

खाचराच्या वर माझं झाड नव्हतं. एक उंच खुंट होता. शेंडा उडवलेला, फांद्या बुंध्याला घासून तोडलेल्या, आणि प्रत्येक जखमेतून डिंक ओघळलेला. बुंध्याला हळदकुंकू लावलेलं होतं, पायथ्याशी नारळाची करवंटी पडली होती. बाजूच्या वाफ्यावर राब रचलेला होता आणि त्याच्यावर, ऐनाच्या फांद्यांच्या वर, लालसर वाळलेल्या सुयांचे झुपके.

भिमाजी हात पुसत घरातून आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"केलं बग तुजं काम," तो म्हणाला. "म्याच चडलो, गड्याला हात लावू दिला न्हाई. आरं, आटरा वर्सं छाटलं न्हाई, मग पोकळ बोंडं येतील न्हाई तर काय. अंगात नुस्तं लाकूड वाडलं. आता बग, पाऊस पडला की आसं डवरंल, की पोरीच्या लग्नाला पोत्यानं ने."

मी वाफ्यात शिरलो आणि राब उपसायला लागलो. सुया हातात घुसत होत्या. बोंडं सापडली. सगळी आक्रसलेली, वाळून लाकूड झालेली. एकेक उकलून बघितलं. आत पापुद्रे. दिवाळीपर्यंत झाडावर राहिली असती तर भरली असती, ती बोंडं मी एकामागून एक फोडत गेलो, जणू एखाद्यात तरी चुकून काही असेल.

"काय झालं रं?" भिमाजीने विचारलं.

मी त्याला सांगितलं. आगा जे बोलला ते सगळं सांगितलं, आणि वर जे सांगायला नको होतं तेही. हे झाड ऐन नव्हे, छाटलं की मरतं. तुला कुणी शहाणपण शिकवायला सांगितलं होतं. रानटी माणसाच्या हाती जिन्नस दिला हीच माझी चूक. झुंबरवहिनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती, ती तशीच आत वळली.

भिमाजीने खुंटावरून ओघळलेला डिंक बोटाने पुसला. मग हळूच म्हणाला, "तूच म्हनला न्हवं, वांझोटं हाय." आणि बोट धोतराला पुसत, "फुटंल रं. झाड हाय त्ये. फुटल्याबिगर कुटं जातंय."

मी चहा न घेता निघालो. रस्ताभर स्वतःशी भांडत होतो. भिमाजीने दुष्टाव्याने कुऱ्हाड लावली असती, तर मला चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण त्याने नारळ फोडून, हळदकुंकू वाहून, माझ्यासाठी म्हणून ते झाड तोडलं होतं. अशा माणसाचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हातात धुपाटणं तेवढं डिंकाने चिकटून बसलेलं.

घरी अकबरीला सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही. "खारकांना काय झालं? माझ्या निकाहात खारकाच होत्या." खतीजा दाराआड होती. तिने जन्मापासून ऐकलं होतं, की तुझ्या निकाहात बाबाच्या झाडाचे चिलगोजे वाटणार. बाहेर येऊन ती म्हणाली, "बाबा, मला खारका आवडतात." मला माहीत होतं, तिला त्या अजिबात आवडत नाहीत.

निकाहाच्या चार दिवस आधी भिमाजीची गाडी दारात उभी राहिली. मधल्या काळात आम्ही बोललो नव्हतो. त्याने पोती उतरवली, पायरीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता अकबरीला म्हणाला, "भाबी, आंबेमोहोर हाय. त्याच राबाच्या वाफ्यातल्या रोपांचा. येगळा झोडला, येगळा कांडला. दाभणाच्या झाडाची राख खाऊन वाडलाय, म्हनलं पोरीच्या लग्नालाच जाऊ दे."

तोच तांदूळ आम्ही दावतीला शिजवला. खारका वाटल्या तेव्हा बाजारकऱ्यांपैकी एकदोघे हसले, ते मला दिसलं. पण जेवायला बसल्यावर सगळे गप्प झाले. पुण्याच्या पाहुण्यांनी पुन्हा पुन्हा मागून घेतलं. असा तांदूळ कुठे मिळतो, म्हणून माझ्या व्याह्यांनी विचारलं. मी भिमाजीकडे बोट दाखवलं. मीही जेवलो. भात फार चांगला झाला होता आणि त्याचाच मला संताप आला. वाईट झाला असता तर निदान काहीतरी बोलता आलं असतं.

पुढच्या श्रावणात खतीजाला दिवस गेल्याची बातमी आली. ती सांगायला म्हणून मी वडिवळ्याला गेलो. त्या भांडणाच्या दिवसानंतर तिकडे पाय वळला नव्हता. सगळं खोरं हिरवं झालं होतं, ऐन तर ओळखू येऊ नयेत इतके फुटले होते. खाचराच्या वर तो खुंट तसाच होता. भिमाजीने त्याच्या भोवती काट्यांचं कुंपण घातलं होतं, मुळाशी शेणखत टाकलं होतं. झुंबरवहिनी म्हणाली, "रोज सकाळी जाऊन बघत्यात. भात लावायचं सोडून तितं हुबं ऱ्हात्यात."

भिमाजी मला हाताला धरून उतारावर घेऊन गेला. "तुला म्हनलं हुतं न्हवं? ह्ये बग, हितं. हिरवं दिसतंय का न्हाई? खतीजाच्या बाळंतपणाला न्हाई मिळायचं, पर फुडल्या येळंला गावंल."

मी वाकून बघितलं. सालीवर शेवाळ धरलं होतं. बोट लावलं असतं तर पुसून आलं असतं. भिमाजी माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, पावसात, डोक्यावरचं घोंगडं मागे सरकलेलं. माझा त्याच्यावरचा राग तेव्हाही गेला नव्हता आणि आजही गेलेला नाही.

"व्हय," मी म्हणालो. "कुंपण अजून उंच कर. शेळ्या खातील."