ब्रेक गप्प झाले तेव्हा

आठवडाभर ओरडणारे ब्रेक रविवारी सकाळी एकाएकी गप्प झाले, आणि शरच्चंद्रांच्या मनात खरी पाल चुकचुकली ती तेव्हा.

ओरडणं निदान समजण्यासारखं होतं. कोंडीरामच्या गॅरेजमधून सर्व्हिसिंग होऊन गाडी घरी आली आणि दुसऱ्याच दिवसापासून पुढचं डावं चाक, ब्रेकवर पाय हलका ठेवला की, भाता फाटलेल्या पेटीसारखं चिरकायला लागलं. सोसायटीतले इंद्रजीत म्हणालेही होते, की आता हॉर्न काढून विकलात तरी चालेल.

पण उद्या एकादशी. बुवांना आणि त्यांच्या तबलजींना घेऊन कात्रजचा घाट उतरून पलीकडच्या गावी कीर्तनाला जायचं होतं. हा मान कैक वर्षं शरच्चंद्रांच्या गाडीचा. ज्यांच्या तोंडून हरिकथा ऐकायची, त्यांना शेजारी बसवून घाट उतरायचा, तर ब्रेकवर देवाइतका भरवसा हवा.

म्हणून सकाळीच ते गाडी घेऊन गॅरेजकडे निघाले. हडपसरच्या सिग्नलला ब्रेक दाबला. आवाज शून्य. पण गाडी उजवीकडे ओढली गेली आणि पुढच्या रिक्षाच्या मागे वीतभर अंतर राखून कशीबशी थांबली. रिक्षावाल्याने मान वळवून नुसतं बघितलं.

दुखणं औषधावाचून बरं होत नसतं. कुणीतरी चाकाला हात लावलाय, हे शरच्चंद्रांनी तिथेच ताडलं. आणि कुणी, याचाही त्यांना फार शोध घ्यावा लागला नाही. काल संध्याकाळी जाता-जाता आवाज ऐकायला म्हणून कोंडीराम येऊन गेला होता, त्या चाकाशी उकिडवा बसला होता, आणि उद्या गाडी आणा म्हणाला होता. कीर्तनात मांडीला मांडी लावून टाळ वाजवणारा माणूस. पण टाळ वाजवणाऱ्याच्या मनात लबाडी शिरतच नाही, असं कुठल्या संतानं सांगून ठेवलंय?

गॅरेजात त्यांनी रामराम केला नाही. कोंडीरामच्या खांद्याशी उभे राहून त्याचे हात न्याहाळत राहिले. त्याने चाक उतरवलं, ब्रेकच्या चकचकीत डिस्कवरून फडकं फिरवलं, फडक्याकडे बघितलं आणि घडी करून ते खिशात टाकलं.

"ते फडकं दाखवा."

"काय बघायचं त्यात? तेल हाय."

"ब्रेकवर तेल कुठून आलं?"

"आलं कुठनंतरी. पॅड तेल प्याल्यात, दुसरे घालायला लागतील. तुम्ही च्या घ्या तोवर."

मग शरच्चंद्रांचा तोल गेला. आवाज न चढवता, पुणेरी थंडपणाने त्यांनी सगळं ऐकवलं. काल तुम्हीच चाकाशी बसला होतात, ओरडणं बंद करायला तेल मारलंत, आणि आज नवे पॅड गळ्यात मारताय. उद्या गाडीत कोण बसणार आहे, ते तरी आठवायचं होतंत.

कोंडीराम उठून उभा राहिला. पॅडच्या पाठीशी एक पातळ पत्रा असतो, पॅड थरथरू नये म्हणून; तो बसवायचा मागल्या खेपेला राहून गेला, म्हणून चाक ओरडत होतं. ती चूक आपली, हे त्याने सरळ कबूल केलं.

"पर ब्रेकवर तेल वतायला मी काय तुमच्या मुळावर उठलोय व्हय, अण्णा?" असं म्हणून त्याने खिशातलं फडकं काढलं आणि बॉनेटवर टाकलं.

फडकं तेलकट होतं आणि तेलाला शेंदरी झाक होती. शरच्चंद्रांनी नाकाशी नेलं. तिळाचं तेल, त्यात रुईच्या पानांचा वास. शनिवारी मारुतीच्या अंगावरून ओघळलेलं तेल सुंदराबाई वाटीत घालून घरी आणायच्या. गुडघे, बिजागऱ्या, झोपाळ्याच्या कड्या, जे-जे कुरकुरेल त्याला ते बोटभर लागायचं. शरच्चंद्र बायकोच्या या औषधाला हसायचे आणि गुडघ्याला लावूनही घ्यायचे; कोंडीरामलाही ते औषध चांगलं ठाऊक होतं.

"वहिनींचं नाव मी कशाला घिऊ?" कोंडीराम चाकाकडे बघत म्हणाला.

गाडी तिथेच ठेवून शरच्चंद्र बसने परतले. काय-काय बोलायचं ते वाटेत जुळवत आले होते. दारातच सुंदराबाईंनी विचारलं, "थांबलं ना ओरडणं? काल रात्री चाकाच्या फटीतून वाटीच रिकामी केली मी." इतक्या आनंदाने विचारलं, की जुळवलेलं सगळं त्यांनी बाजूला ठेवलं. मग त्यांनी साधेपणाने सांगितलं. चाक धरून ठेवणं हे ब्रेकचं काम. तेल लागलं की पकडच सुटते. रिक्षाचं सांगितलं, घाटाचं सांगितलं.

सुंदराबाईंनी तेलाची रिकामी वाटी उचलून मोरीत नेऊन ठेवली.

"आणि कोंडीरामभाऊजींना काय बोललात?" त्यांनी विचारलं.

"मी कुठं काय—"

"बोलला असणार तुम्ही."

सोमवारी सकाळी कोंडीराम गाडी घेऊन आला. नवे पॅड, पाठीशी पत्रे, डिस्क धुऊन लख्ख. शरच्चंद्रांनी काचा खाली करून सोसायटीच्या भिंतीलगत गाडी हळू चालवली, कारण आवाज असेल तर भिंत तो परत पाठवते. ब्रेक दाबला. भिंत काही बोलली नाही आणि गाडी नाकासमोर थांबली. त्यांनी पुन्हा चालवून बघितली. मग खाली उतरून किल्ली कोंडीरामपुढे धरली.

"घाटातून गाडी तुम्ही उतरवा."

"परीक्षा घेताय व्हय माझी?"

"काल नको ते बोललो तुम्हाला. आज बुवांना तुमच्या हवाली करतो. आणि तुम्हीही कीर्तनाला चला."

कोंडीरामने किल्लीकडे आणि मग त्यांच्या तोंडाकडे जरा संशयानेच बघितलं. सुंदराबाईंनी पुढे होऊन, भाऊजी, चूक माझी होती, एवढंच म्हटलं. तेव्हा त्याने किल्ली घेतली.

बुवा पुढे बसले. मागे तबलजी, सुंदराबाई आणि शरच्चंद्र. कात्रजचा बोगदा मागे पडला आणि उतार लागला, तशी पहिल्याच वळणावर कोंडीरामने ब्रेकला पाय लावला. बुवा कसलासा दृष्टांत सांगत होते, त्यांचा शब्दही अडला नाही. दुसऱ्या वळणावर शरच्चंद्रांचा उजवा पाय आपसूक गाडीच्या तळावर करकचून दाबला गेला.

कोंडीरामने मान न वळवता सांगितलं, "अण्णा, तिथं ब्रेक न्हाई."