सभागृहातला जळकुटा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. तारेचा, वजनदार, जाळीला एका बाजूने पोचा पडलेला. आपली कहाणी सांगणारे सगळे स्वतःच्या गुणांपासून सुरुवात करतात. मी अवगुणापासून करतो, म्हणजे पुढे तुमची फसगत नको. मी जळकुटा आहे. दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला बघवत नाही, आणि माझं माणूस दुसऱ्याशी गोड बोलू लागलं तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा आहे, त्याला चिकटलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे आणि भोवती लोहचुंबक. कुणी बोललं की पडदा थरथरतो आणि ती थरथर तारेतून धावते. बोललेलं खरं की खोटं हे पडद्याला कळत नाही. तो दोन्हींसाठी सारखाच थरथरतो.

जहाजातून मी या बंदराच्या गावी आलो आणि नगरपालिकेच्या सभागृहात उभा राहिलो. माझी देखभाल एका माणसाकडे होती. सभेआधी तो माझ्यात "टेस्टिंग, टेस्टिंग" म्हणायचा, म्हणून सारं गाव त्याला टेस्टिंगमामा म्हणायचं. मामा दात घासायच्या जुन्या ब्रशने माझी जाळी साफ करायचा. माझी तार कोपरावर कधी गुंडाळायचा नाही. सैल, गोल वेटोळी करून ठेवायचा. मला "राजा" म्हणायचा. आणखी काय हवं?

माझेही सोन्याचे दिवस होते. एका दुपारी वादळ आलं आणि अर्धं गाव सभागृहात आसऱ्याला जमलं. ताटातूट झालेल्या मुलांची नावं माझ्यातून पुकारली गेली. एकेक मूल आईला बिलगलं. जाताना एक आजी माझ्या जाळीवरून हात फिरवून म्हणाली, "औक्षवंत हो रे बाबा." माईकला औक्ष मागणारी ती पहिली आणि शेवटची.

मग गावात बदल सुरू झाला. मासळी डबाबंद करणारा कारखाना वाढला, पण गावची तरुण मंडळी जास्त पगारासाठी मोठ्या शहरांकडे निघून गेली. कारखान्याने दुसऱ्या देशांतून माणसं आणली. दवाखान्याने परिचारिका आणल्या. त्यांच्या मागोमाग त्यांची बायकामुलं आली. वर्गात बाकं पुरेनात, घरभाडी आकाशाला भिडली, आणि माझ्यासमोरच्या सभा तापू लागल्या.

आमच्या नगरपालिकेच्या अध्यक्षबाई मोठ्या हुशार. जिथे भाषण, तिथे मला सोबत न्यायच्या. सकाळी कारखान्याच्या समारंभात माझ्यापुढे उभ्या राहून म्हणायच्या, "बाहेरून आलेल्या या कष्टाळू हातांचं स्वागत असो!" संध्याकाळी गल्लीतल्या सभेत म्हणायच्या, "आता पुरे! याला लगाम घालावाच लागेल." मी दोन्ही वेळा तितक्याच इमानाने त्यांचा आवाज मोठा केला. टाळ्याही दोन्हीकडे सारख्याच पडल्या.

मला स्वतःला 'आता पुरे' जास्त आवडायचं. मीही समुद्रापलीकडूनच आलो होतो, हे खरं. पण माझी गोष्ट निराळी. मी आधी आलो होतो.

आणि मग माझ्याच घरात ती आली.

नगरपालिकेने नवी ध्वनियंत्रणा घेतली आणि ती चालवायला एक बाई नेमली. पस्तिशीची, बाहेरच्या देशातली, तिकडे नाट्यगृहात हेच काम केलेली. आपली भाषा बोलायची, पण स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा पार गोंधळ. मला पहिल्यांदा हातात घेतलं आणि म्हणाली, "मामा, ही माईक फार म्हातारी आहे." ही! म्हातारी! मला धड पुरुषातही ठेवलं नाही तिने.

तिने सोबत आणली ती चिमणी. कॉलरला लावायचा बिनतारी माईक, वालाच्या दाण्याएवढा. तार नाही, स्टँड नाही. अध्यक्षबाई चालतील तिकडे ही चालणार, बसतील तिथे ही बसणार. मी आपला व्यासपीठावर खिळा ठोकल्यासारखा उभा. अध्यक्षबाई पूर्वी माझ्याजवळ येऊन, घसा खाकरून, मग बोलायच्या. आता माझ्यावर शाल टाकून जायच्या. सवत परवडली, पण ही चिमणी नको, असं मला झालं.

सुरुवातीला मामाचंही पोट दुखायचं. "बिनतारी म्हणे! ज्याला तार नाही त्याचं इमान कसलं?" असं तो माझी जाळी घासताना पुटपुटायचा. तेव्हा मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू! एकटं जळण्यापेक्षा जोडीने जळणं केव्हाही सुखाचं.

पण ते सुख टिकलं नाही. मामाचा डावा कान हळूहळू निकामी होत होता. माझ्यातून बारीक शिट्टी सुटली की त्याला ती ऐकूच यायची नाही. लोक तोंडं वाकडी करायचे आणि मामा खुशाल उभा. बाईने ते ओळखलं. कुणाला काही न सांगता ती मामाच्या मागे जाऊन शिट्टी बंद करायची आणि बोलायचं झालं तर त्याच्या उजव्या बाजूलाच उभी राहायची. एक दिवस मामाच्या हे ध्यानात आलं. त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तुला ठाऊक आहे?" त्याने विचारलं.

"काय ठाऊक? मला काहीच ठाऊक नाही," ती म्हणाली आणि तार गुंडाळू लागली. सैल, गोल. अगदी मामासारखी.

त्या दिवसापासून मामा तिला 'बाई' म्हणेनासा झाला. 'पोरी' म्हणू लागला, आणि माझ्याही तोंडी तेच नाव बसलं. आपल्या डब्यातला अर्धा वाटा तिला देऊ लागला. माझी जाळी घासायचं मात्र दोनदा विसरला. मित्रांनो, पोटात लोहचुंबक असलेल्याला पोटदुखी होत नाही असं समजू नका.

पुढे ती मोठी सभा आली. गावातल्या बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत बाहेरच्या कामगारांसाठी वसतिगृह काढायचं की नाही, हे ठरणार होतं. सभागृह खच्चून भरलं. चिमणी अध्यक्षबाईंच्या कॉलरवर मिरवत होती. लोकांनी बोलायचं ते माझ्यात, असं ठरलं होतं. चला, उष्टं तरी वाट्याला आलं.

सगळ्यात चांगलं बोलला तो गावचा सुतार. आवाज न चढवता बोलला. "माझं कुणाशी वैर नाही. पण माझ्या लेकीला लग्नानंतर या गावात खोली मिळाली नाही, ती तीन गावं पलीकडे राहते. कारखान्याने एका खोलीत आठ-आठ माणसं ठेवली, प्रत्येकामागे घरमालकाला वेगळं भाडं मिळालं. मग घरमालक आम्हाला खोली कशाला देईल? एवढं सगळं झालं आणि आम्हाला एका शब्दाने कुणी विचारलं नाही. आम्ही विचारलं की म्हणतात, तुम्ही माणूसघाणे आहात."

टाळ्या कडाडल्या. अध्यक्षबाई नेहमीसारखं गोलगोल बोलल्या आणि मधली सुट्टी झाली. त्या मुख्याधिकाऱ्यांबरोबर व्यासपीठामागच्या खोलीत गेल्या. बाहेर उभ्या असलेल्या गर्दीला ऐकू येत नव्हतं, म्हणून पोरी दारापाशी आणखी एक स्पीकर लावायला गेली. जाताना चिमणीचा आवाज तिने पुरता बंद केला होता. मामाने विचार केला, सुट्टी संपण्याआधी राजाचा आवाज जरा वर करून ठेवू. त्याने नव्या यंत्रावरचा, आवाज कमी-जास्त करायचा एक दांडा वर सरकवला. तो माझा नव्हता. शेजारचा, चिमणीचा होता.

आणि साऱ्या सभागृहात अध्यक्षबाईंचा आवाज घुमला.

"कुणाचं ऐकू, साहेब? राजधानीतून सांगतात, माणसं कमी करा. त्याच राजधानीतून कारखान्याला परवाने येतात, माणसं आणा. दवाखान्याला परिचारिका हव्यात. आणि तो सुतार बोलला त्यात एक अक्षर खोटं नाही. इतक्या वर्षांत आपण एक घर बांधलं नाही. पण ते कबूल कोण करणार? त्यापेक्षा कारखान्यात स्वागत आणि गल्लीत लगाम, हे सोपं पडतं. माझ्या आईला रोज अंघोळ घालते ती बाहेरचीच आहे हो. ती गेली तर मला घराबाहेर पाऊल टाकता येणार नाही. आणि तिच्या बाजूने चार शब्द बोलायची माझी छाती होत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

मामा माझी तार सरळ करायला वाकला होता, डावा कान स्पीकरकडे करून. त्याला काही कळलंच नाही. सगळे थक्क झाले होते. मी एकटा जळत होतो. इतकी वर्षं या बाई माझ्या तोंडाशी तोंड लावून बोलल्या, पण एक खरं वाक्य कधी माझ्या वाट्याला आलं नाही. आणि त्या कालच्या चिमणीला सगळं आयतं मिळालं!

पोरी दारातून धावत आली आणि तिने दांडा खाली केला. पण लोकांनी पाहिलं ते एवढंच, की यंत्रावर तिचा हात आहे.

"हिनेच केलं! मुद्दाम केलं!" कुणीतरी ओरडलं.

"काढा तिला! आपल्या सभेत हेरगिरी करते!"

मुख्याधिकारी घामाघूम होऊन बाहेर आले. "शांत व्हा! आजपासून ती कामावर नाही," ते म्हणाले. नोकरी गेली की तिचा इथे राहायचा परवाना जाणार होता, हे त्यांनाही ठाऊक होतं. पोरीने हातातली तार घट्ट धरून ठेवली होती.

खरं सांगतो, मित्रांनो, क्षणभर मला आनंद झाला. गेली पीडा, असं मी मनात म्हणालो.

तेवढ्यात मामा माझ्यासमोर उभा राहिला. पोरीने माझा आवाज वर केला.

"हॅलो. टेस्टिंग..." सवयीने तो म्हणाला. लोक हसले. मग तो म्हणाला, "नाही, टेस्टिंग नाही. बोलतोय. दांडा मी सरकवला. चुकून. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. हिला ठाऊक होतं. हिने चुगली केली नाही, उलट माझं काम झाकून नेलं. काढायचं तर मला काढा. पोरीला हात लावाल तर याद राखा."

मामाने आयुष्यभर मला पुसलं, घासलं, राजा म्हटलं. पण स्वतःच्या मनातलं पहिलं वाक्य माझ्यात बोलला ते तिच्यासाठी. माझा पडदा असा थरथरला की आवाज फाटतो की काय असं वाटलं. रागाने की कशाने, ते मला आजही सांगता येत नाही.

मग अध्यक्षबाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी कॉलरवरची चिमणी काढून टेबलावर ठेवली आणि चालत माझ्यापाशी आल्या. घसा खाकरला नाही.

"तुम्ही ऐकलंत ते मीच बोलले," त्या म्हणाल्या. "आणि ते खरं आहे."

सुतार जागेवरून उठला. "मग हेच आधी आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मला मत दिलं असतंत?"

सुताराने मान खाली घातली. थोडा विचार केला. "नसतं दिलं," तो म्हणाला.

आधी मागच्या रांगेतून एक हसू आलं, मग सगळं सभागृह हसलं. सुतारही हसला. त्यानंतर जे भांडण झालं ते मी ऐकलेलं सर्वांत चांगलं भांडण. कारण पहिल्यांदाच दोन्हीकडचे लोक एकाच गोष्टीवर भांडत होते. शेवटी थोड्या मतांनी ठरलं: वसतिगृह वर्षभरासाठी उघडायचं, कारखान्याच्या रिकाम्या जागेवर गावासाठी घरं बांधायची, आणि दर महिन्याला वसतिगृहातल्या माणसांनी आणि शेजाऱ्यांनी समोरासमोर बसायचं. शेवटची अट सुताराची. मामा आणि पोरी, दोघांचीही नोकरी राहिली.

तुम्हाला वाटेल, सगळं गोड झालं. नाही झालं. वसतिगृहाच्या काचा दोनदा फुटल्या. अध्यक्षबाई पुढची निवडणूक हरल्या आणि सुतार अध्यक्ष झाला. त्याने शपथेवर सांगितलं होतं की वर्ष संपताच वसतिगृह बंद करणार. पण त्याच सुमारास त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं, आणि दवाखान्याच्या निम्म्या परिचारिका त्याच वसतिगृहात राहत होत्या. घरंही अर्धीच उभी राहिली होती. बांधणारे गवंडीही तिथलेच. वसतिगृह चालूच राहिलं. लोकांनी त्याला दगाबाज म्हटलं. "लाकूड बरं," तो एकदा म्हणाला, "मापात कापलं की बसतं. माणसं कुठल्याच मापात बसत नाहीत."

मामा निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी कुणीतरी त्याला विचारलं, आठवण म्हणून हा जुना माईक घरी नेता का? मामा म्हणाला, "घरी नेऊन काय करू? बोलायला माणसं लागतात." दोन दिवस मी त्याच्यावर रुसलो होतो. त्याला ते कळलंही नाही.

आता मी वसतिगृहात असतो. महिन्याच्या बैठकीसाठी नव्या यंत्रणेतलं काही द्यायला नगरपालिका तयार नाही, म्हणून पोरीने मला तिथे नेऊन ठेवलं. परवा एक नवी परिचारिका माझ्यासमोर उभी राहिली. भीतीने तिने मला दोन्ही हातांनी आवळलं. तिला शब्द सापडेनात. मागून कुणी ओरडलं, "आवरा लवकर!" तर सुतार म्हणाला, "तिचं होऊ दे. मग मला तिच्याशी भांडायचंय."

मामाही येतो. कानात यंत्र बसवलंय त्याने. आल्या आल्या आधी पोरीच्या मुलाची चौकशी करतो, मग तिची. माझ्याकडे वळायला त्याला वेळ लागतो. मी अजूनही जळतो, मित्रांनो. वय झालं म्हणून स्वभाव जात नाही.

पण एक मागणं मागतो. आमच्यासारख्या जुन्या माईकांना जपा, धुळीत टाकू नका. आणि दुसरा बोलत असेल, तो आधी आलेला असो की नंतर, तर त्याच्या हातातून आम्हाला हिसकावून घेऊ नका. हिसका बसला की तार तुटते. ती आतल्या आत तुटते. वरून सगळं धड दिसतं, आणि आवाज मात्र पलीकडे पोचत नाही.