जिन्याची बाजू

बाबा गेले तेव्हा घराचे खांब उभे होते. भिंती नव्हत्या, छत नव्हतं.

स्लॅबची तयारी त्यांनीच करून ठेवली होती. सिमेंट येऊन पडलं होतं, मिक्सरवाल्याला सांगून झालं होतं, स्लॅबला खालून आधार द्यायच्या सेंट्रिंगच्या फळ्या खांबांना टेकून उभ्या होत्या. घरात कोणी गेलं म्हणून सिमेंट वाट बघत बसत नाही. ओल लागली की पोत्यातच त्याचा दगड होतो. म्हणून सगळं उरकल्यावर पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मी वाचनालयातली रजा वाढवून साइटवर जाऊन उभी राहिले. बाबांची टोपी डोक्याला सैल होत होती, तरी घातली.

बाबांनी जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली. सुपरवायझर म्हणून या साइटवरून त्या साइटवर. आम्ही मात्र राहिलो तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. आईचे गुडघे गेल्यापासून ती फक्त दवाखान्यासाठी खाली उतरायची, तेही कठड्याला धरून, प्रत्येक पायरीशी भांडत. निवृत्त झाल्यावर बाबांनी ही चिंचोळी जागा घेतली. खाली आईची खोली आणि स्वयंपाकघर, वर एक खोली माझ्यासाठी, मी आले-गेले तर. नकाशा त्यांनी स्वतः काढला. इंजिनीअरबाईंनी त्यावर फक्त लोखंडाचा हिशेब केला.

पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी मला गाठलं. उंच, हडकुळे, चालताना किंचित झुलणारे. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला लोंबतं वजन सोडतात, त्यावरून बाबांनी त्यांचं नाव ‘ओळंबा’ ठेवलं होतं, आणि ते त्यांना तोंडावरच तसं म्हणायचे.

“ताई, स्लॅबात जिन्याचं भोक कुठं सोडायचं?”

“नकाशात असेल ना?”

“नकाशात आहे की. नकाशात डावीकडे आहे.” त्यांनी मागच्या बाजूला बोट दाखवलं. “आणि सळ्या उजवीकडे आहेत.”

जोत्याच्या उजव्या कोपऱ्यात, मागच्या दोन खांबांच्या मधोमध, सळ्यांची एक रांग वर आलेली होती. जोतं भरतानाच त्या सोडाव्या लागतात. पुढे जिन्याची पहिली पायरी त्यांच्यावर उभी राहते. सळ्या गंजून तांबूस झाल्या होत्या. मोडक्या कंगव्याचे दात उरावेत तशा दिसत होत्या.

“हे कोणी केलं?”

“कोणी म्हणजे? साहेबांनी सांगितलं. मी आपलं विचारलं, साहेब, डावीकडे ना? तर केवढ्यानं ओरडले, उजवीकडे म्हटलं ना, कानात सिमेंट भरलंय का? आता सांगा, मी काय करणार?”

“पुन्हा विचारायचंत.”

“साहेबांना? पुन्हा?” मिस्त्री हसले. “ताई, तुम्ही मुलगी आहात त्यांची. तुम्ही तरी कधी विचारलं होतं का पुन्हा?”

दुपारी इंजिनीअरबाई आल्या. स्कूटरवरून उतरल्या त्या फोनवर बोलतच. सळ्या बघितल्या, नकाशा बघितला, फोन ठेवला.

“दोन्ही बाजूंना जिना होऊ शकतो,” त्या म्हणाल्या. “खांब सारखेच आहेत. पण डावीकडे शेजाऱ्यांची भिंत अगदी चिकटून आहे. म्हणून तर काकांनी तिथे जिना धरला होता. जिन्याला उजेड नसला तरी चालतो. आता उजवीकडे जिना घेतला तर आईंची खोली डावीकडे जाणार. मग खिडकी कुठे काढणार? शेजाऱ्यांच्या भिंतीत?”

“आणि डावीकडेच ठेवला तर?”

“या सळ्या कापायच्या. तिकडे भोकं पाडून केमिकलने नव्या बसवायच्या. होतं ते.” त्यांनी किल्ली फिरवली. “काकांनी मला सांगायला हवं होतं पण. त्यांच्याकडून असं होईलसं वाटलं नव्हतं. तुम्ही ठरवा आणि उद्या सकाळी मिस्त्रींना सांगा. फळ्या एकदा ठोकल्या की मग अवघड.”

आई खिडकीशी मशीनवर बसली होती. कोणाच्या तरी उशीची खोळ. सुई ओवायला तिने दोरा उजेडात धरला होता. तीनदा हुकला. मी पुढे झाले तर तिने हात झटकला. “मला येतं.”

मी तिला सळ्यांचं सांगितलं. शक्य तितकं साधं, जणू काही विशेष नाही अशा थाटात.

“ह्यांनी सांगितलं उजवीकडे, तर उजवीकडे,” ती म्हणाली.

“आई, तुझी खोली अंधारी होईल. दिवसाही दिवा लावावा लागेल.”

“लावीन. दिवा लावता येतो मला.”

“आणि मशीन?”

“कोण चालवतंय आता मशीन?” असं म्हणत तिने पायाने पायडल मारलं आणि खोळीची एक बाजू सरळ शिवून काढली.

मी खालमानेनं दोऱ्याचे तुकडे गोळा करत राहिले. मग म्हटलं, “बहुतेक चूक झाली असावी गं. शेवटी शेवटी ते...”

मशीन थांबलं.

“शेवटी शेवटी काय?”

आम्हा दोघींनाही माहीत होतं. टेप हातात धरून ते टेप शोधायचे. मला फोनवर एकदा-दोनदा त्यांनी माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली होती, आणि आईने लगेच फोन काढून घेऊन ‘रेंज नाही’ म्हटलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं ते हृदयाचं होतं. बाकीच्याला आमच्या घरात नाव नव्हतं.

“ह्यांच्या हातून जन्मात एक वीट वाकडी लागली नाही,” आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तो नेहमीपेक्षा खालीच होता. “माणसं घरी येऊन सांगायची मला. आता त्या मिस्त्रीने आणि त्याच्या माणसांनी चहा पिता पिता म्हणायचं का, की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं? ते घर उभं राहील तोवर बोलतील, आणि मग दुसऱ्या साइटवर जाऊन बोलतील. मी अंधारात बसेन. मला काही होत नाही अंधाराने.”

“आई...”

“सळ्यांना हात लावायचा नाही. तुला शपथ घालत नाही. पण लावायचा नाही.”

सकाळी मी सगळ्यांच्या आधी साइटवर गेले. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. पुढच्या बाजूला, रस्त्यालगत, बाबांची पत्र्याची शेड होती. आत एक खुर्ची, पाण्याचा माठ, खिळ्याला अडकवलेला ओळंबा. या शेडला बाबांनी मुद्दाम एक जुनी काचेची खिडकी बसवून घेतली होती, घराच्या बाजूला तोंड करून. पाय सुजायला लागल्यावर ते या खुर्चीतच बसायचे आणि काचेतून बघत कामाला आवाज द्यायचे.

मी त्यांच्या खुर्चीत बसले.

काचेवर नकाशा चिकटवलेला होता. बाबांची ती जुनी पद्धत होती. इंजिनीअरचा छापील नकाशा ते कधी साइटवर द्यायचे नाहीत. माणसं त्यावर चहाचे कप ठेवतात म्हणायचे. ते स्वतःच्या हाताने ट्रेसिंग पेपरवर साधा, मोठा नकाशा काढायचे आणि शेडच्या काचेला बाहेरून चिकटवायचे. वर प्लास्टिक. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला उभ्या उभ्या वाचता यायला हवा. तोंड बाहेर, पाठ आत.

सूर्य नुकताच वर आला होता. कागदातून उजेड आत येत होता आणि त्यांच्या काळ्या रेषा इतक्या स्पष्ट दिसत होत्या की छापल्यासारख्या वाटाव्यात. मी खोल्या बघितल्या. स्वयंपाकघर. आईची खोली. मागे जिना, त्याच्या पायऱ्यांच्या बारीक रेघा. उजवीकडे.

मी मान वळवून कागदाच्या कडेपलीकडे घर बघितलं. सळ्या उजवीकडे. पुन्हा कागद. उजवीकडे.

उठून बाहेर गेले आणि काचेसमोर उभी राहिले. जिना डावीकडे होता.

किती साधं होतं. सुरुवातीचे सगळे महिने ते टेप घेऊन स्वतः फिरत होते, बाहेर उभे राहून नकाशा बघत होते. पाया, खड्डे, खांबांच्या जागा, सगळं बरोबर. मग पाय गेले, ते आत बसले, आणि नकाशा पाठीमागून वाचायला लागले. जोतं त्याच दिवसांतलं.

मी परत आत जाऊन बसले. हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी आईला सांगू शकले असते. कोणाकडूनही होऊ शकतं, असं म्हणता आलं असतं. पण आतून बघताना अक्षरंही उलटी दिसत होती. त्यांचं ते टपोरं, वळणदार अक्षर, ज्यात ते मला शाळेच्या वह्यांवर नाव घालून द्यायचे, ते सगळं पाठमोरं. ‘स्वयंपाकघर’ हा शब्द शेवटाकडून सुरू होत होता. आकडे उलटे होते. आणि जिन्यासमोरच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत एक खिडकी होती, तिच्याखाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. ते वाचायला मला बाहेर जावं लागलं. ‘खिडकीचा कठडा मशीनच्या उंचीला. माप घेतलं आहे.’

या खुर्चीत बसून त्यांनी दिवसभर ही उलटी अक्षरं बघितली आणि त्यांना ती सुलटी वाटली. किंवा अक्षरंच दिसली नाहीत, फक्त रेषा दिसल्या. मी तिथे बसून हे दोन्ही करून पाहिलं. मला जमलं नाही.

फाटकाचा आवाज आला तेव्हा मी प्लास्टिक काढून कागद सोडवत होते. टोकं फाटली, पण बाकी नीट निघाला. गुंडाळी करून मी ती पिशवीत टाकली.

“नकाशा का काढला?” मिस्त्रींनी विचारलं.

“ओला झालाय. इंजिनीअरबाई नवा देतील.” मग म्हटलं, “मिस्त्री, त्या सळ्या कापा. जिना डावीकडेच करायचा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “म्हणजे साहेबांचं चुकलं होतं?”

“नाही. साहेबांनी विचार करून बदललं होतं. आईची खोली त्यांना डावीकडे, आतल्या बाजूला हवी होती. रस्त्याचा आवाज नको म्हणून. मला आता पुन्हा बदलायचंय. मला खिडकी हवी.”

“तुम्हाला खिडकी हवी.”

“हो.”

“म्हणून साहेबांनी सोडलेल्या सळ्या कापायच्या.”

“हो.”

मिस्त्रींनी खिशातून तंबाखूची डबी काढली आणि न उघडताच परत ठेवली. “ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण साहेब गेले काय, आणि तुम्ही लगेच... बापाचा शब्द असा मोडायचा नसतो. इथं सगळे बोलतील. म्हणतील, वाचनालयातल्या बाई बांधकाम शिकवायला आल्या.”

“म्हणू द्या.”

“साहेब असते तर तुम्हाला कानात सिमेंट विचारलं असतं.”

“विचारलं असतं,” मी म्हणाले. मला हसू आलं आणि ते नीट पुरं झालं नाही.

त्यांनी सळ्या कापायचं मशीन मागवलं. पातं लोखंडाला लागलं तसा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज सुरू झाला, ठिणग्या जोत्यावर उडाल्या आणि सळ्या एकेक करून आडव्या पडत गेल्या. खाली बोटाच्या पेरासारखे तुकडे राहिले. ते उखडत नाहीत. वरून फरशी येते. माणसं काम थांबवून बघत होती. कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. माझ्याकडे बघून. त्यांच्यातला एकही बाबांबद्दल बोलत नव्हता.

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. मिस्त्रींना सांगितलं तेच.

तिने हातातली खोळ घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “तुला काय कळतं बांधकामातलं?”

“काही नाही.”

“मग?”

“मला नाही आवडत अंधारी खोली. मी येऊन राहीन तेव्हा मलाही बसावं लागेल तिथे.”

“स्वतःपुरतं बघितलंस,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या ताटात वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ आहे का एवढंच विचारलं.

स्लॅब ओतून झाला. भिंती आल्या, दारं आली. आम्ही राहायला गेलो तेव्हा मशीन सगळ्यांत आधी आलं, कारण आईने ते बाकीच्या सामानाबरोबर येऊ दिलं नाही. स्वतः पुढे उभी राहून धरायला लावलं. खिडकीशी ठेवलं तेव्हा त्याचा लाकडी माथा आणि कठडा एका रेषेत आले. इतके एका रेषेत, की कापड मशीनवरून सरकून कठड्यावर जावं आणि खाली पडू नये.

आईने तळहात मशीनवर ठेवला आणि हळूहळू कठड्यावर नेला. परत आणला. पुन्हा नेला.

“हे माप कुणी दिलं?”

मी पडद्याची दांडी बसवत होते. “असंच. अंदाजाने.”

“अंदाजाने,” ती म्हणाली.

बराच वेळ तिचा हात तिथेच होता. उजेड तिच्या बोटांवर पडला होता. मला वाटलं ती आता पुढचं विचारेल. कागद माझ्या पिशवीतच होता, कपड्यांच्या खाली. तिने दोरा घेतला, उजेडात धरला आणि पहिल्याच वेळी ओवला.

अजूनही कोणी घर बघायला आलं की आई त्यांना खोल्या दाखवते, आणि शेवटी जिन्यापाशी थांबते.

“हा जिना ह्यांनी त्या बाजूला धरला होता,” ती सांगते. “विचार करून. ह्यांचं सगळं मोजून-मापून असायचं. ही आली आणि हिने बदलला. आता काय करणार, हल्लीच्या मुली.”

पाहुणे माझ्याकडे बघतात. मी मान डोलावते. आई माझ्याकडे बघत नाही.