बघूकाका निवडून येतात

‘नाही’ म्हणायला आपल्याकडे जितके शब्द आहेत, त्यांत सगळ्यात गुळगुळीत शब्द म्हणजे ‘बघू’. साहेब रजेला बघू म्हणतात, घरमालक गळक्या नळाला बघू म्हणतो, आणि सख्ख्या भावाला ‘चार दिवस राहायला येऊ का’ विचारलं की तोही आधी बघूच म्हणतो. समोरच्यानं बघू म्हटलं की शहाण्या माणसानं चपला पायात घालाव्यात आणि चालू पडावं. वाईट कुणी काही बोललेलं नसतं, फक्त काम होणार नसतं.

म्हणून चष्म्याच्या दुकानदाराला लोकांनी पहिल्यांदा शाळा मंडळावर निवडून दिलं आणि पहिल्याच तक्रारीला तो ‘बघू’ म्हणाला, तेव्हा तक्रार घेऊन आलेल्या बाईनं कपाळाला हात लावला. तिच्या मुलीला फळ्यावरचं दिसत नव्हतं. डोळे याच दुकानात तपासून झाले होते आणि ते ठणठणीत होते. “हाही त्यातलाच निघाला,” असं पुटपुटत बाई घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेतून आली ती हसतच. “आई, आज एक काका माझ्या बाकावर बसले होते! त्यांचे गुडघे मावतच नव्हते.”

अख्खी सकाळ तो माणूस शेवटच्या बाकावर मुलीशेजारी बसून राहिला होता. ऊन चढलं तसं खिडकीतून तिरीप आली आणि फळ्याचा झाला आरसा. पांढरं अक्षर दिसेल कसं? त्याच आठवड्यात फळा दुसऱ्या भिंतीवर गेला, आणि चष्मेवाल्याचं नाव पडलं बघूकाका.

या माणसाला बघू म्हणजे बघूच म्हणायचं असायचं, दुसरं काही नाही. छप्पर गळतंय म्हटलं की हे भर पावसात वर्गात जाऊन उभे. मुलींच्या संडासाला कडी नाही असं कानावर आलं, तेव्हा काकूंना घेऊन गेले. काकू आत, काका बाहेर दार धरून, आणि काकू आतून ओरडतायत, “सोडू नका हो, कुणीतरी येतंय!” दोन दिवसांत कडी बसली.

निवडणुका येत गेल्या, काका निवडून येत गेले. छापखानेवाला त्यांचा जुना मित्र. दर खेपेला तो तेच पोस्टर छापायचा: मोठा चष्मा, आणि खाली एकच शब्द, ‘बघू’. समोर उभं राहायला माणूस मिळायचा नाही, इतकं ते सोपं होऊन बसलं.

आणि सोपं झालं की माणूस बसतो. काकांचा गुडघा धरायला लागला, हे खरं. पण गुडघ्याच्या आधी दुसरंच काहीतरी धरलं होतं. मंडळाच्या खोलीत मऊ खुर्च्या आल्या होत्या. अध्यक्ष गोड बोलणारे. ते म्हणायचे, “आता तुम्ही कशाला दगदग करता? अहवाल मागवू की.” अहवाल यायचा, चहा यायचा, काका अहवालावरून नजर फिरवायचे आणि मान डोलवायचे. हळूहळू ते जागच्या जागी बघायला लागले.

अशात एके दुपारी शाळेची बस चालवणारी बाई दुकानात आली. शेवटच्या बाकावरची तीच मुलगी, आता चांगली बाई झालेली, हातात बसची किल्ली. तिनं काउंटरवर शाळेतल्या एका मुलाची पाण्याची बाटली ठेवली. चपाती लाटावी तशी ती चपटी झाली होती.

“काका, शाळेला नवं फाटक केलंय ना, त्याच्यासमोर बस वळत नाही. पोरांना पलीकडेच उतरवावं लागतं. तिथंच वळण, आणि वखारीचे ट्रक येतात सुसाट. काल ही बाटली गेली. पोरगं वाचलं.”

“बघू,” काका म्हणाले.

अख्ख्या गावात ‘बघू’ ऐकून खूश होणारं हे एकच माणूस असेल. ती हसत परत गेली. काकांनी बाटली उचलून मागच्या फळीवर ठेवली, चष्म्यांच्या फ्रेमांमध्ये. जायचं होतंच, उद्या परवा. मग गुडघा दुखला, मग मंडळाची बैठक आली, मग फ्रेमांचा नवा माल आला. रोज दुकान उघडताना बाटली दिसायची, आणि रोज दिसणारी वस्तू पुढं पुढं दिसेनाशी होते, हे चष्मेवाल्याला काय सांगायचं?

ती पुन्हा आली. “काका, बघितलंत?”

“अगं, बघू, बघू.”

दोनदा म्हटलेल्या बघूचा अर्थ तिला कुणी सांगावा लागला नाही. ती तशीच मागं वळून निघून गेली. आणि महिन्याभरानं निवडणुकीचे अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा काकांच्या विरोधात तिनंच अर्ज भरला.

काकांना हे फार लागलं. रात्री जेवताना हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. “अगं, हिच्या बाकावर जाऊन बसलो होतो मी! आणि हीच माझ्या विरोधात?”

“तुम्ही तिच्या बाकावर बसलात, ती तुमच्या खुर्चीवर बसायला बघतेय. फिटंफाट झाली,” काकू म्हणाल्या.

“तुला चेष्टा सुचतेय.”

“चेष्टा नाही. तुम्ही त्या फाटकापाशी गेला होतात का?”

काकांनी पाण्याचा पेला उचलला. काकूंनी त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली आणि शांतपणे म्हणाल्या, “एवढी वर्षं तुमचं बघू सगळ्यांपेक्षा वेगळं होतं. मी मिरवायचे हो मैत्रिणींमध्ये. आता तेही साहेबांच्या बघूसारखंच झालंय.”

सकाळी बाहेर पडले तर चौकात पोस्टर लागलेलं. चष्मा नाही, फोटो नाही, फक्त दोन शब्द: ‘मी बघितलं.’ छपाई ओळखीची होती. काका तडक छापखान्यात गेले.

“तूसुद्धा?”

“धंदा आहे बाबा,” छापखानेवाला शाईचे हात पुसत म्हणाला. “पण खरं सांगू? तुझं एक शब्दाचं होतं, हिचं दोन शब्दांचं आहे, आणि वजन हिच्यात जास्त आहे. जाऊन ये एकदा तिकडं.”

काकांना आणखी एकदा निवडून यायचं होतं, फार मनापासून यायचं होतं. खुर्चीसाठी नाही, निदान ते स्वतःला तसं सांगत होते. या खेपेला हरलो तर लोक पुढं ‘बघूकाका’ म्हणतील आणि गालातल्या गालात हसतील, ही धास्ती होती. तीस वर्षं कमावलेलं नाव एका पाण्याच्या बाटलीपायी जायचं म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसथांब्यावर पोरांच्या रांगेत उभे राहिले. बसवालीनं दार उघडलं. काका मागच्या बाकावर बसले. गुडघे अजूनही मावले नाहीत.

वळणावर बस थांबली. पोरं उतरली, एकमेकांचे हात धरून उभी राहिली. बसवाली रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात पसरून थांबली, आणि पोरं पळत पलीकडे गेली. शेवटी काका निघाले. निम्म्यात आले आणि वळणावरून ट्रक आला. त्याला हे दिसत नव्हते, यांना तो दिसत नव्हता, नुसता भोंगा. गुडघा तिथंच अडला. बसवालीनं दंडाला धरून त्यांना जवळजवळ उचललंच.

फाटकाला धरून काका उभे राहिले. तिनं ‘बघितलंत?’ असं खोचून विचारलं असतं तरी चाललं असतं, पण तिनं विचारलं, “लागलं नाही ना, काका?” तेव्हा मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मतदानाच्या आधी शाळेच्या मोठ्या खोलीत दोघांची भाषणं होती. काका उठले. बरोबर ती चपटी बाटली आणली होती.

“ही माझ्या दुकानात फळीवर होती,” ते म्हणाले. “मी बघू म्हणालो आणि गेलो नाही. एखादं पोर गेलं असतं तर माझ्यामुळं गेलं असतं. या बाईंनी बघितलंय. मला मत देऊ नका, यांना द्या.”

मग अशा टाळ्या पडल्या म्हणता! बायकांनी डोळ्यांना पदर लावले. “काय मन आहे माणसाचं,” कुणीतरी म्हणालं. “अशी माणसं राहिली नाहीत आता.”

घरी येताना काकू म्हणाल्या, “झालं. आता येता निवडून.”

“अगं, मी नको म्हणालो! सरळ, स्पष्ट शब्दांत!”

“नको म्हणणाऱ्याच्याच ताटात लोक जास्त वाढतात, एवढंही कळत नाही तुम्हाला?”

आणि झालं तसंच. काका जेवढ्या मतांनी कधी आले नव्हते तेवढ्या मतांनी आले. स्वतःचं मत त्यांनी बसवालीला दिलं होतं, काकूंनीही. गावानं मात्र त्यांचा नकार मोठेपणा म्हणून डोक्यावर घेतला. पहिल्या खेपेला लोकांनी त्यांचा होकार नकार समजून ऐकला होता, आणि ज्या दिवशी खरोखर नकार दिला त्या दिवशी तोही उलटाच ऐकला. करायचं काय अशा लोकांचं?

संध्याकाळी ती अभिनंदन करायला आली. डोळे सुजलेले होते.

“काका, तुम्ही खरंच म्हणत होतात ना? मत देऊ नका म्हणून?”

“अगदी खरं गं.”

“मला कळलं होतं. माझ्या आईलासुद्धा पटेना, पण मला कळलं होतं.” आणि ती रडायला लागली. काकूंनी तिला जवळ घेतलं. काका तिथंच उभे होते, आणि निवडून येऊन इतकं वाईट वाटतं हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

नव्या मंडळाच्या पहिल्या बैठकीत फाटकाचा विषय निघाला. अध्यक्षांनी काकांकडे बघून डोळा मिचकावला आणि म्हणाले, “आपल्या बघूकाकांच्या शब्दांत सांगायचं तर, बघू!” सगळे हसले.

काका उठले. “चला मग.”

“कुठं?”

“बघायला. बस खाली उभी आहे.”

आता हसत हसत ‘बघू’ म्हणून बसलेल्यांना नाही म्हणता येईना. सगळं मंडळ बसमध्ये चढलं. वळणावर बस थांबली, सगळे उतरले, रस्ता ओलांडायला निघाले, आणि ट्रक आला. अध्यक्षांनी बसवालीचा हात धरला तो पलीकडे पोचल्यावरही सोडला नाही. “अहो, इथं लहान मुलं…” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मैदानाची भिंत थोडी पाडायची, बस आत घ्यायची, पोरांना आतच उतरवायचं, हे तिथंच फाटकापाशी उभ्या उभ्या ठरलं. अहवाल कुणी मागवला नाही.

भिंतीचं काम सुरू झालं त्या दिवशी काकांनी राजीनामा दिला. अध्यक्ष म्हणाले, “अहो, आत्ता तर निवडून आलात!”

“मी नको म्हणत होतो. कुणी ऐकलं नाही, त्याला मी काय करू?”

पोटनिवडणूक लागली. बसवाली दुकानात आली, काउंटरपाशी घुटमळत उभी राहिली.

“काका, मी परत उभी राहतेय. पण भीती वाटते. मागच्या वेळी तुम्ही एवढं खरं बोलूनही लोकांनी मला पाडलं. यावेळी तुम्ही याल का माझ्याबरोबर? घरोघरी जावं लागेल. गल्लीत सगळे जिनेच आहेत, आणि तुमचा तो गुडघा…”

काकांनी गुडघ्याकडे पाहिलं. मागच्या फळीवर फ्रेमांच्या मधली जागा अजून तशीच रिकामी होती.

“बघू,” काका म्हणाले, आणि त्यांनी चपला पायात घातल्या.